पिशवीची दोन बटणं

मापाला जुनं ब्लाउज घेऊन छबू टेलरकडे गेलेली प्रत्येक बाई ते ब्लाउज तसंच काखोटीला मारून परत आली आहे. मीही आले आहे.

बदली होऊन वारूळवाडीच्या शाळेत रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. अंगाला बेताचं बसणारं एक ब्लाउज प्रत्येक बाईकडे असतं. ती ते जिवापाड जपते आणि नव्या गावात गेली की नव्या टेलरपुढे ठेवते. मीही ठेवलं. छबूताईंनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे आवाज दातांच्या फटीतून आला.

“कवाचं हाय?”

“तीन वर्षं झाली असतील. पण अगदी बरोबर बसतं.”

“मंग हे तीन वर्सांमागच्या बाईंचं माप झालं. त्या बाई आल्यात का? न्हाई ना? मंग ज्या आल्यात त्यांचं घेऊ. उभ्या ऱ्हावा.”

त्यांनी खांदा, मुंडा, छाती, दंड सगळं मोजलं आणि मग टेप सरळ बेंबीवरून फिरवली. “ब्लाउज बेंबीपर्यंत शिवणार आहात का?” मी जरा फटकून विचारलं. मास्तरीण असल्यामुळे मला तसं विचारायची सवय आहे.

“न्हाई वो. ते माप माझ्यासाठी हाय,” त्या म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहून घेतला.

उंचीनं ठेंगण्या, अंगानं भरलेल्या आणि आवाज असा की दुकानात कुजबुजल्या तरी समोरच्या किराणावाल्याला ऐकू जावं. घराणं मूळचं मेंढरं पाळणारं. सासऱ्यांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली आणि यजमान, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, टोमॅटोचा टेम्पो चालवत. छबूताईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. मापं राहत. लग्नाच्या मांडवात त्या खुशाल विचारत, “ती नऊ दंडाची कुठं गेली गं? आन् तिची छत्तीस कंबरेची जाऊ?” जिची कंबर अशी मांडवभर झाली ती रुसायची, पण पुढच्या लग्नसराईला परत त्यांच्याकडेच यायची. टाका तसाच होता.

दोष एकच. “उद्या या.” हा उद्या वारूळवाडीत ‘छबूचा उद्या’ म्हणून प्रसिद्ध होता. शाळेतली पोरंसुद्धा गृहपाठ आणला नाही की “बाई, छबूचा उद्या,” म्हणत आणि मला हसू आवरावं लागे.

मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत असे, त्यामुळे संध्याकाळचा चहा तिथंच होई. एक गोष्ट मी लवकर शिकले. छबूताई तोंडात टाचण्या ठेवून गावभर गप्पा मारत, भांडत, हसत. पण त्यांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या की समजायचं, आता खरं बोलणार. बेंबीवरचं माप कशासाठी, हे मी एकदा नीट विचारलं तेव्हा त्यांनी टाचण्या काढल्या.

“सुमी माझी नणंद. मढला दिलेली. आमी दोघी एका वयाच्या, लई जीव व्हता. तिचे कपडे मीच शिवायचे. पर ती काय दरवेळी यायची न्हाई. येणाऱ्याजाणाऱ्याकडं गाठोडं धाडायची आन् आत चिठ्ठी. एकदा चिठ्ठी आली, परकराचा नेफा पुरत न्हाई, जोड लाव. लावला. दोन-अडीच म्हयन्यानं परत तीच चिठ्ठी. परत लावला, वर मीच चिठ्ठी धाडली, भाकरी कमी कर. तिसऱ्यांदा आली तवा म्हणलं, बाईला सासर लई मानवलं.”

त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या.

“भाऊबीजेला आली. दारात बघितली आन् माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. पोट पुढं आन् दंड माझ्या मनगटाएवढा. दवाखान्यात न्हेली. डॉक्टर म्हणले, पोट कवापास्नं वाढतंय? तिचा मालक म्हणला दसऱ्यापास्नं. पोरगा म्हणला, म्हयना झाला आसंल. सुमी म्हणली, ध्यानात न्हाई. बाई, तारखा माझ्या वहीत व्हत्या. तीन. सात म्हयने झालं व्हतं. आख्ख्या घरात एकटीला मला ठावं व्हतं, आन् मी काय केलं? जोड लावीत बसले.”

अंडाशयाचा कॅन्सर होता. खूप पसरलेला. पुढची भाऊबीज सुमनला लाभली नाही.

मी काहीतरी समजुतीचं बोलले. छबूताईंनी ऐकून घेतलं नाही. “मला रडायचं न्हाई, बाई. मला एक बाई येळंवर सापडाया हवी. एक. मंग मी सुमीला तोंड दाखवीन.” आणि त्यांनी टाचण्या परत तोंडात घातल्या.

सुमन गेली तेव्हापासून त्यांचा नियम होता: मापाचं ब्लाउज चालणार नाही, बाई स्वतः आली पाहिजे. दंड उतरला आणि पोट चढलं, असं वहीत दिसलं की त्या कापड परत गिऱ्हाइकाच्या हातात देत. “आदी दवाखाना, मंग परकर.” सोबत चार प्रश्न असत आणि ते त्या भर दुकानात, भर आवाजात विचारत. दोन घासांत पोट भरतं का? पोट फुगल्यावानी, गच्च वाटतं का? ओटीपोटात दुखतं का? सारखं सारखं लघवीला पळावं लागतं का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा किराणावाला उठून आत जाई.

नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंना त्या एवढ्या वेळा जाऊन भेटल्या की शेवटी त्यांनी खुर्ची देऊन सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक वाढलेलं पोट कॅन्सर नसतं, बहुतेक नसतंच. पण अशी तक्रार नव्यानं सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर अंगावर काढायची नाही. छबूताईंनी हे पाठ केलं, आणि ‘बहुतेक नसतंच’ हेही त्या प्रत्येकीला सांगत. तरी व्हायचं ते झालंच. कुणाचं गॅस निघालं, कुणाचं थायरॉईड, एकीचे जंत. नारायणगावच्या बाजारात बाया म्हणू लागल्या, “छबूकडं ब्लाउज टाक आन् सोनोग्राफी करून ये.” काही गिऱ्हाइकं दुसऱ्या टेलरकडे गेली.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती शेजारच्या वाडीतल्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईंच्या बाबतीत. दोन जावई आलेले. पोट वाढत होतं, छबूताईंनी परकर शिवायला साफ नकार देऊन त्यांना सोनोग्राफीला पिटाळलं. बाई परत आल्या त्या पदरानं तोंड झाकूनच. पाचवा महिना! बाळंत होईपर्यंत त्या छबूताईंशी बोलल्या नाहीत. पण मुलगी गोरीगोमटी झाली, जावयांनीच हौसेनं पाळणा सजवला आणि बारशाला कुर्र करायचा मान छबूताईंना मिळाला. झबलं-टोपडं घेऊन त्या गेल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि आईच्या कानात म्हणाल्या, “माप बरुबर व्हतं का न्हाई?” मुलीचं नाव सोनाली ठेवलं. वाडी तिला अजून सोनोग्राफी म्हणते.

दुकानात येईल तिलाच सांगून भागणार नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. बचत गटाच्या बैठका, हळदीकुंकू, कुठं चार बाया जमल्या की छबूताई हजर. पण तिथं एक वेगळीच अडचण उभी राहिली. आपल्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि कितीतरी बायांची ती पिशवी चाळिशीच्या आसपासच काढून टाकलेली असते. छबूताई बोलायला लागल्या की निम्म्या बाया पदर सावरून उठत. “आमची पिशवी काढलीया, आमाला काय व्हतंय आता?” पिशवी गेली म्हणजे आतलं सगळं बिऱ्हाडच गेलं, अशी त्यांची पक्की खात्री.

“बाई, तुमी चित्र काढून द्या,” छबूताई मला म्हणाल्या. मी आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून कटिंगच्या खाकी कागदावर मोठं चित्र काढून दिलं. नाना शेजारी बसले होते. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “हे तर एडक्याची मुंडी हाय. शिंगं चांगली काढलीत बाईंनी.” खरोखरच तसं दिसत होतं. त्यानंतर मी ते चित्र वर्गात कधी सरळ चेहऱ्यानं शिकवू शकले नाही.

मग छबूताईंनी स्वतःच ते शिवलं. कुणा नवरीच्या ब्लाउजचं उरलेली डाळिंबी मखमल, आत कापूस. मधे पिशवी, दोन्ही बाजूंना दोन नाड्या आणि नाड्यांच्या टोकाशी कापडानं मढवलेली बदामाएवढी दोन बटणं. पिशवी नाड्यांना टिचबटणांनी जोडलेली. अंडाशय हा शब्द त्यांनी साफ नाकारला. “अंडा म्हणलं की एकादशीवाल्या तोंड फिरवत्यात. आपली बटणंच बरी.” बायांपुढे त्या पिशवी उंच धरत, टिच टिच करून ती काढून मांडीवर टाकत आणि नाड्यांवर लोंबणारी दोन बटणं हलवून दाखवत. “पिशवी गेली. हे ऱ्हायलं का न्हाई? कुणाकुणाची बटणंबी काढत्यात. तुजी काढली का ठिवली, कागद बघ. ठावं न्हाई ना? मंग उठून कुठं चाललीस? बस खाली.”

बाया बसत. मखमल हातात घेऊन बघत. एकीनं तर शिवणीचं कौतुक करत विचारलं, “असलं नक्षीकाम ब्लाउजला हुईल का?”

मंचरजवळच्या एका गावातला कार्यक्रम मात्र मी जन्मात विसरणार नाही. गावातल्या उत्साही मंडळींनी फ्लेक्स लावायचं ठरवलं. मजकूर फोनवरून सांगितला. आम्ही चार वाजता पोचलो. बिबट्यामुळे अंधार पडायच्या आत बायांना उसाच्या वाटेनं घरी जायचं असतं, म्हणून वेळ चारचीच असे. पाहतो तर मंदिरासमोर ही गर्दी, आणि निम्मे पुरुष. वर भलाथोरला फ्लेक्स, छबूताईंचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘अंडकोशाचा कॅन्सर! महिलांनो, जाग्या व्हा!’

पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसत होते. छबूताईंना त्यांच्या हसण्याचं कारण कळेना. “ह्यात हसण्यावानी काय हाय वो बाई?” मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या क्षणभर फ्लेक्सकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या, की मंदिराच्या पायरीवर बसूनच घेतलं. डोळे पुसून उठल्या आणि माइक हातात घेतला.

“भाऊ, तुमचं त्ये शाबूत हाय, भिऊ नगा. छापणाऱ्याची चूक झालीया. पर आलाच हाय तर बसा. आजार बायांचा, पर गाडी कोण काढतं? तुमी. ‘उद्या बघू’ कोण म्हणतं? तुमी. आन् उद्याचं मला सांगू नगा, त्यात माझा हात कुणी धरणार न्हाई.”

पुरुष बसले. पिशवी निघाली, बटणं हलली, आणि हसू हळूहळू थांबलं. शेवटी टोपीवाले एक आजोबा उभे राहिले. “आमच्या हिचं पाच-सात दिस झालं पोट गच्च हाय. न्यावं का?”

“कळ फार आसंल तर आत्ता न्या. नसंल तर दोन आठवडं बघा, न्हाई उतरलं तर न्या. आन् उतरलं तर मला सांगाया येऊ नगा, तिला येक दिस चुलीपुढनं उठवा.”

सगळं गाव हसलं, आजोबाही हसले. परतीच्या एसटीत छबूताई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या. मी विचारलं, काय झालं? “इतकी गावं झाली, बाई. मढला मी अजून गेले न्हाई.” सुमनच्या दाराशी जायचा धीर त्यांना होत नव्हता. पुढच्या महिन्यात त्या आपणहोऊन म्हणाल्या, “चला.”

मढला भामाबाई भेटल्या. साठीच्या घरातल्या, चाळीसभर मेंढरांच्या मालकीण, नवरा मागेच वारलेला, मुलगा-सून शेतावर. नऊवारी लुगडं, कपाळाला गोंदण आणि जीभ छबूताईंच्या तोडीची. त्या बोलूच देईनात. “माझी पिशवी काढून बारा वर्सं झाली, छबे. मला काय सांगती?” टिच टिच झालं, बटणं हलली. भामाबाईंनी तोंड वाकडं केलं. पण छबूताई बटणांकडे बघतच नव्हत्या. भामाबाईंची चोळी दंडात ढगळ झाली होती आणि लुगड्याचा काष्टा मागे जेमतेम पोचत होता.

“लुगडं आखूड पडाया लागलं का गं?”

“धुऊन आटलं आसंल.”

“नऊवारी आटून कुठं आटतंय? आन् जेवण?”

“दोन घास खाल्लं की बास व्हतं. वय झालं.”

छबूताईंनी टेप काढली, पण भामाबाई हात झटकून मेंढरांकडे निघून गेल्या. “मेंढरं कोण बघंल? तुजा बा?”

त्यानंतर छबूताई दोनदा मढला जाऊन हात हलवत परत आल्या. दुकानात परकरांची रास चढत होती आणि छबूचा उद्या आता परवावर गेला होता. त्यांना जेवण जाईना. “तिथंच उभी हाय माझ्यापुढं बाई, आन् माझ्या हाताला लागंना,” त्या म्हणत. मला त्यांची काळजी वाटायला लागली. भामाबाईंच्या बाबतीत उशीर झाला तर छबूताई पुन्हा टेप हातात धरणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तिसऱ्या वेळी त्या नानांना घेऊन गेल्या. भामाबाईंपुढे त्यांना उभं केलं. “ह्यो घे तुजा मेंढरं बघणारा. ह्याचा बाप धनगर व्हता. आता ऊठ.” नानांनी उभ्या आयुष्यात टोमॅटोशिवाय काही हाकलं नव्हतं. पण ते काठी घेऊन गेले. संध्याकाळी भामाबाईंची तीन मेंढरं दुसऱ्याच्या कळपात आणि दुसऱ्याची पाच भामाबाईंच्या कळपात. तो घोळ निस्तरायला दोन दिवस लागले, पण तोवर नारायणगावात सोनोग्राफी झाली होती. डाव्या बटणाला गाठ होती. मोठी.

पुढचं सगळं भराभर झालं. मुलानं पुण्याला नेलं, छबूताई बरोबर गेल्या. ऑपरेशनच्या आठवड्यात दुकानाला कुलूप होतं. मी चौथीच्या वर्गावर भागाकार शिकवत होते. दारात अंधार झाला म्हणून पाहिलं तर छबूताई. एसटीतून उतरून थेट शाळेत आलेल्या, चपला हातात, केस विस्कटलेले.

“जागंवरच व्हती, बाई! गाठ जागंवरच व्हती! डॉक्टर म्हणले, कुठं पसरली न्हाई!”

आणि त्या दारातच रडायला लागल्या. मी खडू टाकून त्यांच्याजवळ गेले आणि मीही रडले. वर्गाला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलेलं सापडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग सलाइनमधून औषधाचे डोस झाले. भामाबाईंचे केस गेले. छबूताईंनी मऊ सुती कापडाच्या चार टोप्या शिवून दिल्या, आणि विशेष म्हणजे सांगितलेल्या दिवशी दिल्या. पुढे काय होईल याची खात्री डॉक्टरही देत नव्हते, तपासण्या चालू राहणार होत्या. पण भामाबाई जेवत होत्या, भांडत होत्या आणि मेंढरांमागे जात होत्या.

माझी पुन्हा बदली झाली. जायच्या आदल्या रविवारी मढला कार्यक्रम होता, म्हणून मी शेवटचं त्यांच्याबरोबर गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर तीस-चाळीस बाया. छबूताई पिशवी काढणार, एवढ्यात भामाबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. “तू बस. लई बोलली.” आणि छबूताई, ज्यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, मुकाट्यानं मागे जाऊन बसल्या.

भामाबाईंनी पिशवी उलटी धरली होती. त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

“ऐका गं. माझ्या मेंढीचं पोट फुगलं तर मी काय करते? सांजंपतूर थांबत न्हाई. डॉक्टरला फोन लावते, न्हाई आला तर मेंढी खांद्यावर टाकून मीच जाते. आन् माझं सोताचं पोट फुगलं, तर मी चार म्हयने थांबले. मी मेंढी असते ना, तर चवथ्या म्हयन्याला न्हाई, चवथ्या तासाला दवाखान्यात असते.”

कुणी हसलं नाही. मी मागे वळून पाहिलं. छबूताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या सुमनशी बोलत असाव्यात असं मला वाटलं.

मग दुसऱ्या रांगेतली एक तरुण सून उठली, मागे आली आणि हळूच म्हणाली, “ताई, टेप हाय का जवळ?”

माझी गाडी सुटायची वेळ झाली होती. छबूताईंनी मान वर केली, डोळे पुसले आणि मला हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं, बोलायला त्यांना सवड नव्हती. मी रस्त्याला लागले आणि वळणावरून मागे पाहिलं. ओट्यावर बायांची रांग लागली होती, अंगणाच्या कडेपर्यंत. छबूताई गुडघ्यावर बसून एकीच्या पोटावरून टेप फिरवत होत्या. आणि टोपी घातलेल्या भामाबाई रांगेच्या टोकाशी उभ्या राहून ओरडत होत्या, “पोट आत वढू नगा गं कुणी! हितं कुणाला दाखवायचंय? खरं माप द्या!”